सहावा अपवाद : चाहता, क्लब आणि वकिलाची नोटीस

मी एक पोस्ट डिलीट केली आहे. तीन वाक्यांची होती.

विदर्भातल्या एका गावात भरलेल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल बघून आम्ही चौघं दोन गाड्यांवर कामठीला परतलो. आमची टीम हरली होती. घरी आल्यावर जेवायच्या आधीच मी फोनवर लिहिलं: ‘हा कोच नाही, चौकातला ट्रॅफिक हवालदार आहे, नुसते हात हलवतो. दुसऱ्या हाफमध्ये डावी बाजू मोकळी सोडली आणि दोन्ही गोल तिथूनच खाल्ले. आणि एन्ट्री फीचा पैसा कुठे गेला ते सगळ्यांना माहीत आहे.’

लाइक्स आले, हसणारे इमोजी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोनही आला. आवाज शांत होता. ‘भाऊ, थे पोस्ट काढून टाका. वकिलाशी बोलणं झालं आमचं.’ मी ‘बरं भाऊ’ म्हणालो आणि पोस्ट काढली. प्रत्यक्षात कुठलीही नोटीस आली नाही. ती यायची गरजच उरली नाही.

स्पर्धेचं किंवा टीमचं नाव इथे महत्त्वाचं नाही. मला नंतर बरेच दिवस एकच प्रश्न त्रास देत राहिला. त्या माणसाला तीनपैकी नेमकं कोणतं वाक्य लागलं होतं? मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ‘पोस्ट’ ही एकच वस्तू असल्यासारखी ती आली आणि एकदमच गेली. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. चाहत्याचं बोलणं वाचायचं कसं, आणि ते कोण कसं वाचतं?

मैदानावरची भाषा

कामठीत फुटबॉल हा बाहेरून आलेला शौक नाही. कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी 1821 मध्ये छावणी वसवली आणि फौजेबरोबर तिचे खेळही आले. फौज बदलली, राज्य बदललं, बॉल गावातच राहिला. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये कामठीचा रब्बानी क्लब वर्षानुवर्षं खेळतो आहे. नागपूरच्या फुटबॉलबद्दल बोलताना बाहेरच्या लोकांना नागराज मंजुळेंचा 2022 चा ‘झुंड’ आठवतो. इथल्या लोकांना आधी मैदानाची कडा आठवते.

त्या कडेवर कोण उभं असतं? रिटायर्ड फौजी, शाळेतून थेट आलेली पोरं, पानठेल्यावरून उठून आलेले चाचा, आपल्या पोराचा खेळ बघायला आलेला बाप. भाषा अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी, मधेमधे हिंदी. ‘काऊन बे, झोपला का?’ हे तिथे सर्वांत सभ्य वाक्य. रेफ्रीला आंधळा म्हणणं हा शिष्टाचाराचा भाग. कोचला तर रोज नवा धंदा सुचवला जातो: भाजी वीक, ऑटो चालव, बँड वाजव. कोणी तक्रार करत नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला या बोलण्याचा प्रकार माहीत असतो. ‘आंधळा’ म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट नव्हे, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. बोलणारा समोर असतो, सामना समोर असतो, आणि शिट्टी वाजली की बोलणं हवेत विरून जातं.

फोनवर तेच वाक्य विरत नाही. ते सामन्यापासून सुटतं, आवाजापासून सुटतं, आजूबाजूच्या हशापासून सुटतं. स्क्रीनशॉटमध्ये ते एकटं उरतं, आणि एकटं पडलेलं वाक्य गंभीर दिसायला लागतं. क्लबच्या ऑफिसात ते प्रिंट काढून टेबलावर ठेवलं की ते जबाबासारखं वाटतं. वकिलाच्या फाइलमध्ये गेलं की तो पुरावा होतो. शब्द तेच असतात, फक्त वाचणारा बदललेला असतो.

शेफील्डचा न्यायाधीश वाचतो

हे वाचन एका न्यायाधीशाला खरंच करावं लागलं होतं. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड वेन्सडे या जुन्या क्लबने, त्याच्या चेअरमनने आणि संचालकांनी हायकोर्टात अर्ज केला. ‘आऊल्सटॉक’ नावाची चाहत्यांची वेबसाइट होती. तिथे टोपणनावांनी लिहिणाऱ्या काही जणांनी चेअरमन आणि संचालकांबद्दल मजकूर टाकला होता. क्लबचं म्हणणं होतं, की वेबसाइट चालवणाऱ्याने या लोकांची खरी ओळख सांगावी, म्हणजे त्यांच्यावर बदनामीचा दावा लावता येईल.

रिचर्ड पार्क्स या न्यायाधीशांनी सगळे मेसेज एका टोपलीत टाकले नाहीत. त्यांनी एकेक वाचला. बऱ्याच मेसेजबद्दल त्यांचं मत असं पडलं, की ही दारूच्या गुत्त्यावर बसून केलेली कुरकुर आहे. शिवराळ असेल, आचरट असेल, पण कोणी समंजस वाचक ती शब्दशः घेणार नाही. अशा लोकांची नावं उघड करणं हा त्यांच्या खासगीपणावर विनाकारण घाला ठरेल. काही मेसेज मात्र वेगळे निघाले. त्यांतून संचालक लोभी आहेत, अप्रामाणिक आहेत, असा अर्थ वाजवीपणे निघू शकत होता. त्या लिहिणाऱ्यांची ओळख द्यावी, असा आदेश झाला.

साहित्याच्या वाचकाला हा निकाल ओळखीचा वाटायला हवा. न्यायाधीशाने इथे समीक्षकाचं काम केलं आहे. आधी प्रकार ओळखला: हे निवेदन आहे, की उद्गार, की अतिशयोक्ती? मग संदर्भ पाहिला: कुठे लिहिलं आहे, कोणासाठी? मग विचारलं, की ही भाषा माहीत असलेला वाचक यातून काय घेईल? विडंबन वाचताना, लावणी ऐकताना, तमाशातली बतावणी बघताना आपण हेच करतो. बतावणीतल्या सोंगाड्याने पाटलाला गाढव म्हटलं म्हणून पाटील जनावरांच्या डॉक्टरकडे जात नाही.

पण या निकालाची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. चाळणी लागली ती कोर्टात. तिथे पोहोचेपर्यंत वकील नेमावा लागतो, पैसे लागतात, महिनोन्महिने झोप जाते. ज्या चाहत्याची कुरकुर निरुपद्रवी ठरली, त्यालाही निकाल लागेपर्यंत ते माहीत नव्हतं. क्लबला दावा जिंकायची गरजच नसते. ‘आमचं वकिलाशी बोलणं झालंय’ एवढं वाक्य सत्तर टक्के काम करतं, आणि उरलेलं आपण स्वतः करतो. मीही केलं.

ब्लॅकपूलचा हिशेब

चाहता नेहमी बरोबर असतो असं म्हणून हा विषय सोपा करता आला असता. ब्लॅकपूलची गोष्ट ते करू देत नाही.

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या या छोट्या शहराचा क्लब 2010-11 मध्ये एका मोसमासाठी प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. प्रीमियर लीगचा पैसा म्हणजे छोट्या क्लबसाठी लॉटरी. तो मोसम संपला, क्लब खाली घसरला, आणि घसरतच राहिला. मैदान, खेळाडू, सोयी यांत पैसा दिसेना. मालक ओयस्टन कुटुंबाविरुद्ध चाहते इंटरनेटवर लिहू लागले, आणि कुटुंबाने एकामागून एक दावे लावले. एका निवृत्त, वयस्कर चाहत्याला फेसबुकवरच्या मजकुरासाठी 2015 मध्ये माफी मागून 20,000 पौंड भरपाई कबूल करावी लागली. ती रक्कम भरायला इतर चाहत्यांनी वर्गणी काढली. त्याच वर्षी मे महिन्यात चाहते मैदानात उतरले आणि मोसमातला शेवटचा सामना अर्धवट सोडावा लागला. चेअरमन कार्ल ओयस्टन यांनी स्वतः एका चाहत्याला शिवीगाळीचे मेसेज पाठवले होते. त्याबद्दल इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्यांना दंड केला आणि सहा आठवड्यांची बंदी घातली.

मग नोव्हेंबर 2017 उजाडला. क्लबमधले भागीदार व्हालेरी बेलोकोन यांनी लावलेल्या वेगळ्या खटल्यात हायकोर्टाने निकाल दिला, की ओयस्टन कुटुंबाने क्लबमधला पैसा अवैधपणे बाहेर काढला. बेलोकोन यांचा हिस्सा विकत घेण्यासाठी 3 कोटी 10 लाख पौंडांहून जास्त रक्कम देण्याचा आदेश झाला. फेब्रुवारी 2019 मध्ये कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती क्लब गेला. वर्षानुवर्षं बहिष्कार टाकून बसलेले लोक 9 मार्च 2019 रोजी साउथएंडविरुद्धच्या सामन्याला परतले. पंधरा हजारांहून जास्त.

ही गोष्ट सांगताना एक मोह होतो. ‘बघा, चाहतेच खरे ठरले, तरी दंड त्यांनाच झाला.’ हे अर्धं खरं आहे. त्या वयस्कर माणसाने माफी मागितली ती त्याने जे आरोप केले त्यांबद्दल, आणि ते आरोप 2017 च्या निकालाने खरे ठरले असं नाही. चाहत्यांचा वास बरोबर होता. काहीतरी सडतं आहे हे त्यांना कळलं होतं. पण नेमकं काय आणि कुठे, हे सांगायला लागणारी कागदपत्रं त्यांच्याकडे नव्हती. ती होती भागीदाराकडे, ज्याच्याकडे वकील होते आणि हिशेबाच्या वह्या बघायचा हक्क होता.

म्हणजे ज्यांना संशय येतो त्यांच्याकडे पुरावा नसतो, आणि ज्यांच्याकडे पुरावा असतो ते बहुधा गप्प असतात. सामान्य चाहता या फटीत सापडतो. त्याचं बोलणं तथ्याच्या कसोटीवर कमी भरतं, म्हणून तो खोटारडा होत नाही. पण तो तथ्य असल्यासारखा बोलला तर त्याची बाजू दुबळी होते, आणि क्लबला नेमकं तेवढंच हवं असतं.

इंग्लंडने मधल्या काळात कायदाही बदलला. 2013 च्या बदनामी कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला गंभीर आर्थिक नुकसान झालं आहे किंवा होण्याची शक्यता आहे, हे दाखवावं लागतं. नुसता अभिमान दुखावला हे पुरत नाही.

1860 चा कायदा आणि समीक्षेचा सिद्धांत

आता आपल्याकडे. भारतात बदनामी हा दिवाणी दावा तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे. भारतीय दंड संहितेचं कलम 499 आणि 500 आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आलं आहे, 1 जुलै 2024 पासून. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्याने समाजसेवेचा पर्यायही जोडला. कंपनी किंवा संस्था यांचीही बदनामी होऊ शकते, असं या कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. म्हणजे फुटबॉल क्लबही यात बसतो. 13 मे 2016 रोजी सुप्रीम कोर्टाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात हे फौजदारी कलम घटनेशी सुसंगत ठरवलं.

हे वाचून घाबरायला होतं. पण याच कलमात अपवाद आहेत, आणि त्यांतला सहावा अपवाद साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. तो सांगतो, की एखाद्या कर्त्याने आपली कृती लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली असेल, तर त्या कृतीच्या गुणांबद्दल सद्भावनेने मत देणं ही बदनामी नाही. कर्त्याच्या स्वभावाबद्दलही बोलता येतं, पण तो स्वभाव त्या कृतीत जेवढा दिसतो तेवढ्यापुरतंच. पुस्तक छापणारा, सभेत भाषण करणारा, रंगमंचावर येणारा नट किंवा गायक, हे सगळे स्वतःला लोकांच्या निवाड्यापुढे ठेवतात, असं कायदाच उदाहरणं देऊन सांगतो.

पुढचं उदाहरण तर थेट पुस्तक परीक्षणाचं आहे. कोणी म्हटलं, की अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्यावरून तो दुबळ्या बुद्धीचा असावा, तर चालेल. पण कोणी म्हटलं, की तो मुळातच दुबळा आणि बदफैली माणूस आहे, म्हणून त्याचं पुस्तक असं असणारच, तर अपवाद लागू होणार नाही. दोन्ही वाक्यांत शिवी आहे. फरक दिशेचा आहे. पहिलं वाक्य कृतीकडून माणसाकडे जातं, दुसरं माणसाकडून कृतीकडे येतं.

मेकॉलेच्या आयोगाने तयार केलेल्या मसुद्यातून 1860 मध्ये आलेल्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. मराठी समीक्षेत ‘कलाकृती बघा, कलावंताचं चरित्र बाजूला ठेवा’ यावरून किती वाद झाले! त्याच्या आधीच दंडविधानाने एका ओळीत मर्यादा घालून ठेवली होती: कृतीतून जेवढा माणूस दिसतो तेवढ्यावर बोला.

फुटबॉलचा सामना ही लोकांपुढे ठेवलेली कृती आहे, यात मला शंका वाटत नाही. तिकीट लावा किंवा लावू नका, मैदान उघडं आहे आणि लोकांना बोलावलं आहे. कोचने कोणाला खेळवलं, कोणाला बसवलं, डावी बाजू का मोकळी राहिली, या सगळ्याला सहावा अपवाद लागायला हवा. ‘या कोचला डिफेन्स शिकवता येत नाही’ हे कृतीकडून माणसाकडे गेलेलं वाक्य. ‘कोच कमिशन खातो म्हणून अमका पोरगा टीममध्ये आहे’ हे दुसऱ्या जातीचं. ते मत राहत नाही, घटनेचा आरोप होतो, आणि आरोपाला पुरावा लागतो.

अडचण एकच आहे. अपवादात आपण बसतो हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. सद्भावनेचा कायद्यातला अर्थही नुसतं मन साफ असणं एवढाच नाही, पुरेशी काळजी घेऊन बोलणं असा आहे. म्हणजे ढाल आहे, पण ती उचलण्याआधी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

नागपूरने दिलेला वाचक

महाराष्ट्राला ऑनलाइन बोलण्याची किंमत माहीत आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला, आणि ते लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या अटकेनंतर गेलेल्या याचिकेतून श्रेया सिंघल निकाल आला आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द झालं. चर्चा, प्रचार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्या निकालाने सांगितलं. पुन्हा तेच: आधी प्रकार ओळखा.

पण ‘कोणत्या वाचकाच्या नजरेने वाचायचं’ या प्रश्नाचं सर्वांत टिकाऊ उत्तर आमच्या कामठीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दिलं गेलं. 1946 मध्ये, तेव्हाच्या नागपूर हायकोर्टात. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकार या प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं, की शब्दांचा परिणाम जोखताना वाजवी, कणखर आणि धीराची माणसं डोळ्यांपुढे ठेवावीत. दुबळ्या, डळमळीत मनाची किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारी माणसं ही कसोटी होऊ शकत नाहीत.

हे वाक्य नागपूरहून निघालं ते अजून फिरतं आहे. 1988 मध्ये ‘तमस’ मालिकेवर बंदी मागणारी याचिका फेटाळताना सुप्रीम कोर्टाने ते वापरलं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या प्रकरणात 2007 मध्ये ते आलं. मार्च 2024 मध्ये कोल्हापूरच्या एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सॲप स्टेटसबद्दलचा गुन्हा रद्द करताना ते आलं. मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द झाला, तेव्हाही. ही प्रकरणं सामाजिक तेढीच्या कलमांची आहेत, बदनामीची नाहीत. तरी त्यांतला वाचक उसना घ्यायला हरकत नाही.

क्लबने चाहत्याची पोस्ट कोणाच्या डोळ्यांनी वाचावी? घाबरलेल्या सेक्रेटरीच्या, की बोस यांच्या कणखर वाचकाच्या? कणखर वाचक ‘ट्रॅफिक हवालदार’ वाचून हसेल आणि डाव्या बाजूबद्दल विचार करेल. डळमळीत वाचक त्याच शब्दावर वकील शोधेल. म्हणजे नोटीस आली की चाहत्याच्या भाषेबद्दल थोडं कळतं, आणि क्लबच्या आत्मविश्वासाबद्दल बरंच.

मोहन बागानचं उदाहरण इथे आठवतं. 1889 चा हा क्लब 2020 मध्ये एटीके मोहन बागान झाला. चाहत्यांना ते तीन अक्षरांचं शेपूट सहन होईना. त्यांनी इंटरनेटवर मोहीम चालवली, फलक लावले, मालकांना काय काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात इंडियन सुपर लीग जिंकल्यावर लगेच मालक संजीव गोएंका यांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या मोसमापासून क्लब मोहन बागान सुपर जायंट झाला. तीन वर्षं शिव्या खाल्लेल्या मालकाने शेवटी त्या शिव्यांतलं म्हणणं वाचलं.

जिथे कायदा लागायलाच हवा

एक गोष्ट सोडून पुढे गेलो तर हा लेख अप्रामाणिक होईल. 11 जुलै 2021 रोजी युरो फायनलमध्ये पेनल्टी चुकली म्हणून रॅशफोर्ड, सँचो आणि साका यांच्यावर इंटरनेटवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. त्याच वर्षी ऑलिंपिकच्या हॉकी सेमीफायनलमध्ये भारतीय महिला हरल्यावर हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली आणि अटकाही झाल्या. हे चाहत्याचं भावनिक बोलणं आहे, असं म्हणून सोडून देता येत नाही. यात सामन्याबद्दल एक शब्द नसतो. खेळ कसा झाला याच्याशी त्याचा संबंध नसतो, माणूस कोण आहे एवढंच त्यात असतं. सहाव्या अपवादातली दुसरी दिशा ती हीच, तिच्या सर्वांत विद्रूप रूपात.

कामठीसारख्या गावात, जिथे मोहल्ला आणि आडनाव यांवरून टीम ओळखता येते, तिथे हे सगळ्यांनी नीट ध्यानात ठेवायला हवं. मैदानाच्या कडेवरचं सगळंच बोलणं निरागस नसतं. ‘तुम्ही लोक असेच’ हे वाक्य तिथेही कधीतरी येतं, आणि तेव्हा हसणारे हसतात, ज्याच्याबद्दल बोललं जातं तो बूट काढत गप्प बसतो. कायद्याची आणि आपली ताकद तिथे खर्च व्हायला हवी. हवालदाराच्या उपमेवर नव्हे.

टीका म्हणजे काय

मराठीत आपण ‘टीका’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. बोलताना टीका म्हणजे दोष काढणं. पण शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. टीका म्हणजे मूळ मजकुराच्या शेजारी बसून तो उलगडणं. त्यासाठी त्या मजकुरावर जीव असावा लागतो. ज्या ग्रंथाशी आपलं काही देणंघेणं नाही त्यावर कोणी टीका लिहीत नाही.

चाहत्याच्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. डावी बाजू मोकळी होती हे सांगणारा माणूस नव्वद मिनिटं डावी बाजू बघत उन्हात उभा राहिलेला असतो. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी तेवढं लक्ष देऊन सामना बघितला असेलच असं नाही. ज्या दिवशी तो लिहायचा बंद होईल, त्या दिवशी क्लबची बदनामी थांबेल हे खरं. पण कडेवर उभं राहणारं माणूसही एक कमी झालेलं असेल.

मी माझी डिलीट केलेली पोस्ट आता पुन्हा वाचतो, शेफील्डच्या चाळणीतून, सहाव्या अपवादातून, बोस यांच्या वाचकाच्या नजरेने. पहिलं वाक्य उपमा आहे, उर्मट आहे, राहू दे. दुसरं वाक्य निरीक्षण आहे आणि ते मला शंभर वेळा लिहायचं आहे. तिसरं वाक्य मात्र चुकीचं होतं. ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणजे मला माहीत नव्हतं. मला संशय होता, आणि मी त्याला माहितीचे कपडे घातले. ते भित्रं वाक्य होतं. आरोप करायचा आणि जबाबदारी ‘सगळ्यां’वर ढकलायची.

ते मी असं लिहायला हवं होतं: ‘किती टीमकडून किती एन्ट्री फी जमली आणि बक्षिसावर किती खर्च झाला, याचा हिशेब आयोजकांनी मैदानावर लावावा.’ यात आरोप नाही, मागणी आहे. आणि खरं सांगायचं तर हे वाक्य आयोजकांना जास्त टोचेल, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं.

त्या फोनने मात्र हा फरक केला नाही. तिसऱ्या वाक्याबरोबर पहिली दोनही गेली. दोन्ही गोल डाव्या बाजूने झाले होते याची कुठेच नोंद उरली नाही, आणि त्या टीमची डावी बाजू पुढच्या स्पर्धेतही मोकळीच होती.

या मोसमात मी पुन्हा लिहिणार आहे. फोन येईलही. या वेळी ‘बरं भाऊ’ म्हणण्याआधी मी एवढंच विचारणार आहे, की भाऊ, कोणत्या वाक्याबद्दल बोलून राहिले तुम्ही?